हरणांच्या वाटेवर बाग लावताना

पहिल्याच हंगामात निम्मी रोपं गेली म्हणून हिरमुसू नका. सुरुवातीला मोजक्या गोष्टी सांभाळल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

आधी खाणारं हरीणच आहे ना, ते बघा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते पान ओढून तोडतं, म्हणून देठाचं टोक फाटकं दिसतं. सशाने कुरतडलेलं टोक सुरीने तिरकं कापल्यासारखं असतं.

आता निवड. हरीण कधीच तोंड लावणार नाही असं झाड नसतं. भुकेलं हरीण काहीही खातं. पण उग्र वासाची, लवदार पानांची आणि विषारी झाडं ते सहसा टाळतं. रोझमेरी, लॅव्हेंडर, पुदिना, डॅफोडिल यांपासून सुरुवात करा. कण्हेरही चालते, पण ती माणसांना आणि गुरांनाही विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर नकोच.

नवीन लोकांच्या हमखास होणाऱ्या चुका:

- गुलाब, ट्यूलिप, घेवडा कुंपणाकडेला लावणं. ते घरालगत ठेवा, कडेला वासाची झाडं लावा.
- कमरेएवढं कुंपण. हरीण ते सहज ओलांडतं. साधारण ८ फूट उंची लागते.
- नत्रखताचा मारा. त्याने फुटणारी लुसलुशीत पालवी हरणांना फार आवडते.
- हरणांना दूर ठेवणारा उग्र वासाचा फवारा एकदाच मारून निर्धास्त होणं. पावसानंतर तो पुन्हा मारावा लागतो.

नवीन रोपांना पहिले काही आठवडे जाळी घालाच. यंदा एकच वाफा करा. काय टिकतंय ते दिसलं की पुढचा वाफा घ्या.