हेडलाइटची ‘काच’ पिवळी का पडते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

हेडलाइटबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या जुन्या जीपचे गोल दिवे वीस वर्षांत कधी पिवळे पडले नाहीत. आताची कार सहाच वर्षांची, तरी हेडलाइट धुरकट. गाडी तर रोज पुसतो. (वाचक, अमळनेर)

जीपचा दिवा खऱ्या काचेचा होता आणि उन्हाने काचेचे काही बिघडत नाही. आताच्या गाडीतही आपण सवयीने ‘काच’ म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते. हलके असते, खडा उडाला तरी सहसा फुटत नाही आणि हवा तसा आकार घेते. त्याला एकच खोड आहे : उन्हातल्या अतिनील किरणांपुढे ते उघडे टिकत नाही. किरणांनी रेणूंच्या साखळ्या तुटतात, हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांची क्रिया होते आणि पृष्ठभाग आधी पिवळा, मग खरखरीत होतो. म्हणून कारखान्यातच त्यावर किरण शोषणारा एक कडक थर देतात. तो केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असतो. तुमच्या गाडीचा हा थर संपला आहे. दिव्याची वरची, आकाशाकडे वळलेली कड नीट बघा. सालपटे सुटायला सुरुवात बहुधा तिथूनच झालेली असेल.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा हा थर इथे लवकर संपणारच. रोज पुसण्याचे म्हणाल, तर फडके कोरडे असेल तर तेही कारणात धरा. धुळीत बारीक वाळू असते. कोरडे पुसणे म्हणजे रोज थोडा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद) मारणेच. आधी पाणी ओता, मग ओल्या मऊ कपड्याने पुसा.

प्रश्न : टूथपेस्ट लावून घासले तर दिवा एकदम चकाचक झाला. दोन महिन्यांत पुन्हा पिवळा, आणि पहिल्यापेक्षा जास्त. असे का? (वाचक, भुसावळ)

टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते, बाकी त्यात चमत्कार काही नाही. पिवळा थर घासून निघाला. त्याबरोबर कंपनीच्या थराचे उरलेसुरले अवशेषही निघाले. मग उघडे प्लॅस्टिक भर उन्हात राहिले. नुसते बफिंग करून, म्हणजे यंत्राने घासून चमकवून, ‘नवी काच’ म्हणून पैसे घेणाऱ्यांच्या कामाचीही हीच गत होते. घासणे हे निम्मे काम आहे. घासल्यावर वरून काय लावले, त्यावर दिवा दोन महिने टिकणार की दोन वर्षे, हे ठरते.

डास पळवणारे मलम चोळण्याची टूमही निघाली आहे. त्यातले डीईईटी हे रसायन प्लॅस्टिकचा वरचा थर मऊ करते, म्हणून तेवढ्यापुरते चमकल्यासारखे दिसते. तसले काही लावू नका.

प्रश्न : घरीच नीट करायचे असेल तर कोणत्या नंबरचे पेपर, किती वेळ, आणि शेवटी सिरॅमिक कोटिंग की क्लिअर कोट? (वाचक, चोपडा)

शेवटी काय लावायचे ते आधी ठरवा. घासणे कुठे थांबवायचे ते त्यावर अवलंबून असते आणि बहुतेकांची चूक इथेच होते.

आधी तयारी. दिवा शाम्पूच्या पाण्याने धुवा. बोनेट, बंपर आणि फेंडरच्या कडेला मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा. पेपर रंगावर एकदा घसरला की तो ओरखडा हेडलाइटपेक्षा महाग पडतो. अर्धा लिटर पाण्यात शाम्पूचे चार थेंब टाकून स्प्रे बाटली भरून ठेवा. वॉटर पेपर त्याच पाण्यात दहा मिनिटे भिजवा. बोटांनी दाबून घासू नका. बोटांच्या रेघा उमटतात, म्हणून पेपर स्पंजच्या तुकड्यावर गुंडाळा.

पेपरचा नंबर जितका मोठा, तितकी त्याची घासणी बारीक. सालपटे सुटली असतील तर 600 नंबरपासून, नुसता पिवळेपणा असेल तर 800 पासून सुरुवात करा. एका दिशेने, सतत ओले ठेवून घासा. आधी गळणारे पाणी पिवळसर येते. ते पांढरे येऊ लागले आणि सगळा दिवा एकसारखा दुधी दिसू लागला, की जुना थर गेला असे समजा. मध्येच चकचकीत बेट राहिले असेल तर तिथे जुना थर अजून आहे. तो ठेवून पुढे गेलात तर नव्या कोटिंगखाली त्याची कड नकाशासारखी उठून दिसते. पुढचा नंबर आधीच्या दिशेला आडवा चालवा, म्हणजे आधीच्या रेघा मिटल्या की नाही ते कळते. एका दिव्याला प्रत्येक नंबरचे साधारण पाच मिनिटे लागतात. 600 नंबरला मात्र घाई करू नका. तिथे राहिलेली रेघ 3000 ने जात नाही.

आता कोटिंग. सिरॅमिक लावायचे तर 1000, 1500, 2000, 3000 असे चढत जा, मग कंपाउंडने (पॉलिशच्या घासणाऱ्या लेपाने) बफ करून आरपार स्वच्छ करा, कारण सिरॅमिकचा थर इतका पातळ असतो की खालची रेघ तो झाकत नाही. टू-के क्लिअर कोट, म्हणजे क्लिअर आणि त्याला कडक करणारा हार्डनर असे दोन घटक मिसळून फवारायचा पारदर्शक थर, मारायचा असेल तर उलट 1000 वर थांबा. दुधी पृष्ठभाग बघून भीती वाटते, पण त्या बारीक रेघांतच क्लिअर पकड घेतो आणि त्या भरूनही काढतो. 3000 आणि बफिंग करून आरशासारख्या दिव्यावर मारलेला क्लिअर काही महिन्यांत पापुद्र्यासारखा निघतो.

दोन्हींसाठी शेवटची पुसणी आयसोप्रोपिल अल्कोहोलने करा. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन अजिबात नको. त्यांनी पॉलिकार्बोनेटला आतून केसासारख्या चिरा पडतात आणि त्या कोणत्याही पॉलिशने जात नाहीत.

सिरॅमिक दोन दिव्यांना 5 मिलिलिटरसुद्धा पुरते. अप्लिकेटरवर (लावायच्या स्पंजवर) चार-पाच थेंब घेऊन आधी उभे, मग आडवे पसरवा. इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली की मायक्रोफायबरने हलके पुसा. उन्हाळ्यात ती झाक काही सेकंदांतच येते, त्यामुळे एका वेळी एकच दिवा घ्या. तासाभराने दुसरा हात द्या. निदान 12 तास पाणी लागू देऊ नका.

आमचा कौल मात्र टू-के क्लिअरला. कंपनीचा थर पूर्ण निघालेल्या दिव्यावर सिरॅमिक एकट्याने ऊन अडवण्याचा भार फार काळ पेलत नाही. बाटलीवर काही लिहिलेले असो, आपल्या उन्हात वर्षभराने ते पुन्हा लावायची तयारी ठेवा. क्लिअरचा थर त्याच्या कितीतरी पट जाड बसतो. फक्त डब्यावर अतिनील संरक्षणाचा उल्लेख हवा. गनने मारायचे असेल तर दोन भाग क्लिअर, एक भाग हार्डनर हे सर्रास प्रमाण आहे, पण अंतिम शब्द डब्याचाच. दोन दिव्यांना एकूण 60 मिलिलिटर मिश्रण पुरते. पहिला हात 20 ते 25 सेंटिमीटरवरून नुसता फुसफुसता, जेमतेम धूळ बसल्यासारखा. पहिलाच हात ओला मारला तर त्यातला थिनर प्लॅस्टिकला चावतो. दहा मिनिटे थांबून दुसरा मध्यम, मग तिसरा ओला. 24 तास हात लावू नका आणि आठवडाभर शाम्पू नको.

टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असते. कापडी किंवा कागदी मास्क त्याला अडवत नाही; निदान कार्बन काडतुसाचा मास्क लागतो. दम्याचा त्रास असलेल्याने जवळही थांबू नये. घासून, पुसून घरी तयार करा आणि फवारणी गाडी रंगवणाऱ्या गॅरेजकडून करून घ्या.

वेळही सांभाळा. मे महिन्यात दुपारी शेडमध्येही क्लिअर हवेतच सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा बसतो. सकाळी सहा-सातलाच उरका. पावसाळ्यात दमटपणाने थर पांढुरका होतो. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडच्या गारठ्यात सकाळी हार्डनर काम करत नाही, दहानंतर घ्या. सगळ्यात सोपा काळ दिवाळीच्या आसपासचा.

प्रश्न : हायवेलगत एक जण किटलीसारख्या भांड्यातून वाफ सोडून पाच मिनिटांत हेडलाइट नवा करतो. खात्रीचे आहे का? (वाचक, धुळे)

ती पाण्याची वाफ नव्हे. भांड्यात डायक्लोरोमिथेनसारखे द्रावक तापवतात आणि त्याची वाफ प्लॅस्टिकचा वरचा थर विरघळवते. रेघा वितळून सपाट होतात, म्हणून दिवा काचेसारखा दिसतो. पण वर कोणताही नवा थर बसत नाही. अतिनील संरक्षण शून्य, शिवाय विरघळून पुन्हा घट्ट झालेल्या थरात ताण राहतो आणि पुढे उन्हात जाळीदार चिरा उमटू शकतात. वाफ श्वासात जाणे करणाऱ्यालाही वाईट आणि शेजारी उभ्या तुम्हालाही. केलेच असेल तर दिवा शाबूत असेपर्यंत 1000 चा पेपर मारून त्यावर क्लिअर घ्या.

प्रश्न : उजवा दिवा पिवळा झाला, डावा जवळजवळ नवा. उजव्या बल्बमध्ये दोष आहे का? (वाचक, शहादा)

बल्ब बघण्याआधी गाडी कुठे, कशी उभी राहते ते बघा. एका बाजूला भिंतीची किंवा निंबाची सावली आणि दुसरी बाजू दुपारनंतर उघडी, एवढ्याने फरक पडतो. तोंड दक्षिणेला किंवा पश्चिमेला असेल तर जास्त. आठवड्याआड गाडी उलटी लावा. दुसरी शक्यता अशी की, मागे ठोकर लागून एक दिवा बदललेला असेल.

प्रश्न : पिकअपचे दिवे घासून कोटिंग केले, बाहेरून स्वच्छ आहेत, तरी रात्री उजेड पडत नाही. 100 वॉटचे बल्ब टाकू का? (वाचक, रावेर)

टाकू नका. अशा दिव्यांतला सर्रास वापरला जाणारा एच-4 प्रकारचा बल्ब 60/55 वॉटचा (लांबच्या झोताला 60, जवळच्याला 55) असतो. वायरिंग, होल्डर आणि आतला आरसा त्याच हिशेबाने केलेले असतात. 100 वॉटने होल्डर वितळतो, आरशाचा मुलामा करपतो आणि उजेड आणखी घटतो. टॉर्च मारून आत बघा. आरसा काळवंडला किंवा सोलला असेल, किंवा धुरकटपणा आतल्या बाजूने असेल, तर बाहेरचे कोटिंग व्यर्थ आहे. पूर्ण दिवा बदला. पाणी साचत असेल तर मागची रबरी टोपी आणि हवेची नळी तपासा. आरसा ठीक असेल तर इंजिन चालू ठेवून बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर मिळते त्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी भरले, तर दोष गंजलेल्या अर्थिंगचा किंवा स्विचचा. ते झाले की झोत भिंतीवर लावून घ्या. गाडीच्या फिटनेस तपासणीलाही हेडलाइट बघतात.

प्रश्न : नवी कार घेतली आहे. पहिल्या दिवसापासून काय करू? (वाचक, चाळीसगाव)

कंपनीचा थर शाबूत आहे तोवर घासू नका, बफही करू नका. फिल्म लावायचीच तर पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लावा. साधारण 150 ते 200 मायक्रॉनची, टीपीयू या लवचीक प्लॅस्टिकची फिल्म घ्या, पीव्हीसीची नको, ती स्वतःच पिवळी पडते. काळी किंवा रंगीत फिल्म उजेड खाते. फिल्म नको असेल तर सिरॅमिक चालेल, कारण इथे खालचा थर जिवंत आहे.

बोअरच्या जड पाण्याने धुतल्यावर दिवे लगेच पुसून कोरडे करा. पांढरे डाग पडलेच तर व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन कपड्याने मिनिटभर टेका आणि भरपूर पाण्याने धुवा. संडास साफ करायचे अ‍ॅसिड नको. पावसाळ्यात चिकटलेले किडे त्याच रात्री ओला कपडा ठेवून मऊ करून काढा, नखाने खरवडू नका. गाडी अंगणात उभी राहत असेल तर पूर्ण कव्हर वाऱ्याने फडफडून धूळ घासते. त्यापेक्षा बोनेटवरून दिव्यांपर्यंत येईल अशी जुनी गोधडी टाका, खालून दोरीने घट्ट बांधा आणि दर आठवड्याला झटकून घ्या.