खाटेभोवती किती विद्यार्थी उभे राहू शकतात?

प्रश्न : माझ्या मुलीला २०२४ च्या ‘नीट’मध्ये ७२० पैकी ५६० गुण मिळाले, तरी सरकारी महाविद्यालयात तिचा नंबर लागला नाही. इकडे आमच्या ग्रामीण रुग्णालयात कित्येक वर्षे भूलतज्ज्ञ नाही. सिझेरियनची वेळ आली की बाईला जिल्ह्याला धाडतात. डॉक्टर इतके कमी असताना एमबीबीएसच्या जागा सरळ तिप्पट का करत नाहीत?
– एक पालक, परभणी जिल्हा

उत्तर : आपल्या मुलीला आधी एक सांगा. २०२४ साली सुमारे २३ लाख मुले या परीक्षेला बसली आणि देशभरात जागा होत्या १ लाख १० हजारांच्या आसपास, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या खासगी महाविद्यालयांतल्या, जिथले शुल्क ऐकूनच बहुतेक घरे माघार घेतात. ५६० गुणांची मुलगी डॉक्टर होण्यास अपात्र आहे असे ही परीक्षा म्हणत नाही. रांग कुठेतरी तोडावी लागते, आणि ती तिच्या पुढे तुटली.

जागा वाढल्या नाहीत, असेही नाही. २०१४ मध्ये त्या सुमारे ५१ हजार होत्या, म्हणजे दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाल्या. एकट्या महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोली, हिंगोली, वाशीम यांच्यासह दहा नवी सरकारी महाविद्यालये सुरू झाली. तरीही वर्गात बाके वाढवावीत तशा या जागा वाढत नाहीत, कारण वैद्यकीय महाविद्यालय हे मुळात रुग्णालय असते. शंभर विद्यार्थ्यांसाठी चारशेहून अधिक खाटा लागतात आणि त्या खाटांवर रुग्णही असावे लागतात. प्लीहा (पोटातला डाव्या बाजूचा एक अवयव) वाढलेल्या एका रुग्णाभोवती पंधरा विद्यार्थी उभे राहिले, तर पहिल्या पाचजणांना पोटावर हात ठेवता येतो, सहाव्याच्या वेळी तो बिचारा चादर ओढून घेतो आणि उरलेले दहाजण हाताला न लागलेली प्लीहा वहीत उतरवून घेतात. जागा तिप्पट केल्या की अशा वह्या तिप्पट होतील.

दुसरी अडचण शिक्षकांची, आणि माझ्या मते हीच अधिक अवघड आहे. इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते. प्राध्यापक घडायला त्याच्या कितीतरी पट काळ लागतो. शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र अशा विषयांत पुढे दवाखाना चालत नसल्यामुळे तिकडे फारसे कोणी वळत नाही. एमबीबीएससाठी एकेका गुणावर झुंबड उडते, त्याच देशात २०२३ साली, ज्यांतून पुढे प्राध्यापक घडतात त्या पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर, म्हणजे परीक्षेला बसलेला कोणीही पात्र इथवर, आणावी लागली!

आता आपल्या भूलतज्ज्ञाविषयी. साडेचार वर्षे अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप आणि त्यानंतर भूलशास्त्राची तीन वर्षे धरली, तर आज वाढवलेल्या जागेतून तो साडेआठ वर्षांनी बाहेर पडेल, आणि तोही पदव्युत्तर प्रवेश मिळाला तरच. शिवाय तो आपल्याकडेच येईल याची हमी नाही. देशभरातील ग्रामीण रुग्णालयांत तज्ज्ञांची सुमारे ८० टक्के कमतरता आहे, ती निव्वळ पदवीधर कमी म्हणून नव्हे. शल्यचिकित्सक नाही, रक्तसाठा नाही, राहायला धड क्वार्टर नाही, अशा ठिकाणी एकटा भूलतज्ज्ञ करणार काय? सरकारी जागेवर एमबीबीएस झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र आहे. पण १० लाख रुपये भरून त्यातून सुटण्याची वाट बरीच वर्षे होती, आणि ज्यांना परवडत होते ते सुटत.

जागांची वाट न पाहता होण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे. अडलेल्या बाळंतिणीला भूल देता यावी म्हणून साध्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी काही महिन्यांचे प्रशिक्षण राष्ट्रीय आरोग्य अभियानातून दिले जाते. आपल्या रुग्णालयातला कोणी वैद्यकीय अधिकारी ते घेऊन आला आहे का, आणि नसल्यास कोणाला पाठवणार, हे वैद्यकीय अधीक्षकांना लेखी विचारा.