भिंतीपलीकडचे वर्ष

इंदूर, मे महिन्याचा शेवटचा आठवडा

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

महाविद्यालयाच्या शाश्वत विकास केंद्राची जबाबदारी तुझ्याकडे आल्याचे समजले आणि मनापासून आनंद झाला. तू पाठवलेला वर्षभराचा आराखडा मी दोनदा वाचला. ऑगस्टमध्ये वृक्षारोपण, नंतर व्याख्यानमाला, फेब्रुवारीत प्रदर्शन, हे सगळे नीट योजलेले आहे. मात्र एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंतचे रकाने परीक्षा, सुट्टी आणि प्रवेशप्रक्रिया यांमुळे कोरे राहिले आहेत, आणि महाविद्यालयाच्या भिंतीपलीकडच्या वस्तीला आपली सर्वांत जास्त गरज नेमकी त्याच महिन्यांत असते. म्हणून हे पत्र मुख्यतः त्या कोऱ्या रकान्यांविषयी आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. केंद्र सुरू झाले तेव्हा वस्तीतल्या वीसएक घरांचा भाजीपाल्याचा कचरा आणि आवारातला पालापाचोळा घेऊन आम्ही खत करायला लागलो. इंदुरात खत करायचे तर मनात अभिमान असणारच, कारण इंग्रज कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून येथील वनस्पती-उद्योग संस्थेत होते आणि यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ साली पुस्तकरूपाने मांडलेली खताची रीत आजही जगभर ‘इंदूर पद्धत’ याच नावाने ओळखली जाते. पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, ठरलेल्या वेळी तीनदा ढीग पलटायचा आणि साधारण तीन महिन्यांनी खत काढायचे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून ढीग जमिनीवर रचायचा. आम्ही हे सारे एप्रिलपर्यंत मन लावून केले. मग मुले परीक्षेला बसली आणि गावी गेली. जूनमध्ये मी फावडे घातले तेव्हा वरचा वीतभर थर पापडासारखा कडक झाला होता आणि आत मेथीच्या काड्या जशा टाकल्या तशाच वाळून पडल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे ज्या मावशी रोज सकाळी कचऱ्याचा डबा आणून देत असत, त्यांनी महिनाभर बंद फाटकापुढे उभे राहून तो परत नेला होता. त्या मला काहीही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी त्यांनी डबा दिला नाही.

आता तर कचऱ्याच्या बाबतीत परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. २०१७ पासून स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर अग्रभागी आहे, सहा प्रकारांत वेगळा केलेला कचरा गाडी दारातून नेते, आणि देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्यापासून इंधनवायू करू शकणारा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ पासून उभा आहे. तेव्हा केंद्राने आपली शक्ती पुन्हा कचरा गोळा करण्यात घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीत भरून नेता येत नाही अशा गोष्टीकडे, म्हणजे पाण्याकडे, तू वळावेस.

आपल्या नळाला येणारी नर्मदा सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून आणली जाते. १९७८ मध्ये ती प्रथम शहरात आली. या उपशाला वीज इतकी लागते की जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोख्यांतून, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी घेतलेल्या कर्जाच्या रोख्यांतून, २४४ कोटी रुपये उभे केले. एवढ्या खर्चाने आलेले पाणी वस्तीत मात्र एक दिवसाआड, तेही थोडा वेळ येते. नळ बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो, आणि वाहिनी कुठे फुटलेली किंवा सांध्यात सैल असेल तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. पहिल्या पावसात जमीन भिजते, गटारे भरतात आणि हा धोका एकदम वाढतो. तो काळ जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंतचा, म्हणजे तुझ्या आराखड्यातला कोरा रकाना.

तेव्हा यंदा पहिल्या पावसानंतर किमान दहा नळांचे पाणी तपासायचे ठरव. अवशिष्ट क्लोरीन, म्हणजे जंतू मारण्यासाठी घातलेल्यापैकी पाण्यात उरलेले क्लोरीन, नळाशीच मोजावे. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. शिवाय मैल्यातले जंतू ओळखणाऱ्या एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीच्या बाटल्या भरून उबदार जागी ठेवाव्यात. आतील कागदाची पट्टी आणि पाणी एक-दोन दिवसांत काळे पडले, तर मैल्याचा अंश मिसळल्याची दाट शंका घ्यावी. ती प्राथमिक चाचणी आहे हे विसरू नकोस. पक्का निष्कर्ष प्रयोगशाळेचाच. पण निष्कर्षाची वाट पाहत गप्प बसू नये: त्याच दिवशी त्या घरी पाणी उकळून प्यायला सांगावे आणि महापालिकेच्या झोन कार्यालयात गल्ली, वेळ व आकडा लिहून लेखी कळवावे. ज्या घरातला नमुना, त्या घराला निकाल सर्वांत आधी कळला पाहिजे, हा नियम मोडू नकोस. लोकांकडून माहिती नेऊन ती त्यांनाच न सांगणारे पुष्कळ येऊन गेले आहेत.

कामाची वेळ वस्तीच्या वर्षातून निवडावी, हे या शहराने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे. प्लेगच्या काळात होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांना बोलावले. त्यांचा नगररचनेचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी गल्लीबोळ पायी फिरून पाहायचे आणि मगच उपाय सुचवायचा, अशी त्यांची रीत होती. त्यांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली आणि ज्या रस्त्यावर जास्त घरे झाडूनपुसून, डागडुजी करून सजतील तिथूनच ती जाईल, असे जाहीर केले. लोक दिवाळीला घर साफ करतातच; त्या सवयीलाच त्यांनी हात घातला. तुझ्या आराखड्यातले ई-कचऱ्याचे संकलन फेब्रुवारीत आहे, ते दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात घे, कारण जुने चार्जर आणि बंद पडलेले मिक्सर तेव्हाच माळ्यावरून खाली येतात. गणपतीच्या निर्माल्याचेही तसेच.

छतावरच्या पाण्याचे काम मात्र मेमध्येच संपवावे लागेल. इंदुरात वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर जवळजवळ ९५ हजार लिटर पाणी. ते मुरवताना एक काळजी घे: माळव्याची काळी माती भिजली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून शोषखड्डा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा. आमचा पहिला खड्डा उथळ राहिला आणि तिथे डासच झाले.

मनुष्यबळाची अडचण तू मांडशील. बाहेरगावची मुले जाणारच. पण वस्तीतच राहणारी, आपल्याच महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली असतात, त्यांना सुट्टीतल्या कामाचे मानधन दे. त्यासाठी प्रदर्शनाचा मंडप लहान करावा लागला तरी चालेल.

जुन्या नोंदवह्या केंद्राच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात आहेत. कोणत्या गल्लीत किती वाजता नळ येतो ते त्यांत लिहिले आहे. वेळा बदलल्या असतील, तेवढ्या मावशींना विचारून दुरुस्त करून घे. पहिला पाऊस झाला की त्यानंतरच्या नळाच्या दिवशी मी पहाटे साडेपाचला फाटकाशी येईन. बाटल्या आणि मार्कर पेन तू घेऊन ये.

तुझे सर