गोचीड कमी केले की रोग कमी होणारच, मग त्यात गणित कशाला?

मलाही असंच वाटायचं. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे आमची शेती, मी कॉलेजात गणित शिकवतो, पण हे गणित मांडायला बसलो ते गाय गेल्यावर.

घरच्या गवळाऊ (आमच्याकडची देशी जात) ढोरांना गोचीड नेहमीचेच. कानात, कासेवर, शेपटीखाली. रक्त पिऊन टम्म झालेली मादी हुबेहूब एरंडीच्या बीसारखी दिसते. बाबा संध्याकाळी एकेक उपटून रॉकेलच्या डब्यात टाकत. त्या ढोरांना लाल लघवी झालेली मी पाहिली नाही. मग आम्ही एक संकरित गाय आणली, गोचीड नसलेल्या गोठ्यात वाढलेली. तिसऱ्या आठवड्यात ताप चढला, लघवी कॉफीसारखी झाली आणि चौथ्या दिवशी ती गेली.

हा बबेसिया, म्हणजे गोचीड चावल्याने रक्तात शिरणारा परजीवी. पहिली लागण नऊ महिन्यांच्या आत झाली तर वासरू सहसा निभावून नेतं आणि पुढे त्याला प्रतिकारशक्ती राहते. तीच मोठेपणी झाली तर जिवावर बेतते. ऑस्ट्रेलियात महोनी आणि रॉस या संशोधकांनी १९७२ मध्ये याचंच गणित मांडलं.

तुम्हीही करून बघा. एका वासराला रोज लागण होण्याची शक्यता ०.००५ धरा. नऊ महिने म्हणजे २७० दिवस, म्हणून ०.९९५ चा २७० वा घात काढला की कळतं, १०० पैकी २६ वासरं लागण न होता मोठी होतात. पुढच्या पाच वर्षांत ती जवळपास सगळी लागणीत सापडतात. आता अर्धवट फवारणीने शक्यता ०.००१ वर आणा. कोरी राहतात ७६, आणि त्यातली ६४ मोठेपणी सापडतात! ०.०००१ पर्यंत खाली गेलात तरच हा आकडा १६ वर येतो. म्हणजे गोचीड कमी झाले, पण जिवावरच्या केसेस आधी वाढल्या. हे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही हो, म्हणून गणित.

आमच्या ढोरांच्या बाबतीत गवळाऊचा काटकपणाही होताच, सगळं श्रेय लहानपणच्या लागणीला देता येणार नाही. आणि कृपा करून यावरून गोचीड मोकळे सोडू नका. थायलेरिया हा गोचिडांमुळेच होणारा दुसरा रोग; त्याचा गोचीड वेगळा, त्याचं गणितही वेगळं. त्यात संकरित वासरंही दगावतात.

फवारणी करायची तर गोठ्यातल्या सगळ्या ढोरांवर, भिंतीच्या भेगांसकट, आणि वेळापत्रक न चुकवता. बाहेरून मोठी गाय आणताय तर आणण्याआधी पशुवैद्यकाशी बोला. आम्ही आता नव्या ढोराला महिनाभर रोज सकाळी थर्मामीटर लावतो आणि लघवीचा रंग बघतो.