दवाखान्यातून घरी आली, पुढे काय? ‘एव्हरीथिंग नाऊ’च्या निमित्ताने वाचकांचे प्रश्न

खाण्याच्या विकारांबद्दल आलेल्या पत्रांमध्ये या वेळी एकाच मालिकेचं नाव पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणून ते प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मुलगी ‘एव्हरीथिंग नाऊ’ बघायची म्हणते. विषय ॲनोरेक्सियाचा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या विकाराचा, आणि मालिका म्हणे विनोदी. हे कसं काय? – एक पालक, ठाणे

नेटफ्लिक्सवर ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आलेली ही आठ भागांची ब्रिटिश मालिका आहे. निर्मिती रिप्ली पार्कर यांची. दुसरा हंगाम निघाला नाही, त्यामुळे आठ भागांत जे आहे तेवढंच. लंडनमधली सोळा वर्षांची मिया पोलँको ॲनोरेक्सियासाठी सात महिने दवाखान्यात राहून घरी परतते. मधल्या काळात मैत्रिणी-मित्र पुढे निघून गेलेले असतात : पार्ट्या, दारू, प्रेमप्रकरणं. आपलं सगळं राहूनच गेलं, या भावनेने ती करायच्या गोष्टींची यादी बनवते आणि एकेक खूण करत सुटते. मियाचं काम सोफी वाइल्ड यांनी केलंय, तर तिचे डॉक्टर नेल झालेत स्टीफन फ्राय.

विनोद आहे तो मुख्यतः मियाच्या मनातल्या निवेदनात. तोंडाने ती ‘मी मजेत’ म्हणते आणि त्याच क्षणी डोक्यात भलतंच चाललेलं आपल्याला ऐकू येतं. हा विकार असाच चालतो. समोरच्याला गप्पा मारणारी, हसणारी मुलगी दिसते आणि आत समोरच्या ताटाचा हिशेब सुरू असतो. हे दाखवायला रडक्या मालिकेपेक्षा तिरकस विनोद जास्त कामी येतो, असं आमचं मत. मात्र भाषा, दारू आणि लैंगिक प्रसंग मोकळे आहेत. आधी पालकांनी एकट्याने दोन भाग बघावेत.

प्रश्न : सात महिने उपचार झाले, वजन आलं, डॉक्टरांनी घरी सोडलं. मग मिया अजून आजारी का वाटते? की मालिका लांबवण्यासाठी? – नाशिक

नाही, इथे मालिका खरं बोलते. शरीर आधी भरतं, मन मागून येतं, आणि दोन्हींत कित्येक महिन्यांचं अंतर असू शकतं. दवाखान्यातून सोडतात ते जीव धोक्याबाहेर आला आणि बाहेर राहून उपचार चालू ठेवता येतील म्हणून. विकार उलटण्याची भीती पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असते. म्हणूनच चांगल्या ठिकाणी एकदम सोडत नाहीत : आधी घरी एखादं जेवण, मग शनिवार-रविवार, मग दिवसा उपचार आणि रात्री घर, असं करत करत.

आता त्या यादीकडे बघा. बहुतेक प्रेक्षकांना ती मियाच्या बरं होण्याची खूण वाटते. आम्हाला ती आजाराचीच दुसरी वही वाटते. सगळं किंवा काहीच नाही, प्रत्येक गोष्टीला खूण, एक राहिली तर मी नापास : ही पद्धत ती ताटावरून उचलून आयुष्यावर लावते. घरी आलेल्या मुलामुलींत हे हमखास दिसतं. खाण्याचे नियम सैल पडतात आणि अभ्यासाचे, व्यायामाचे नाहीतर मार्कांचे नियम आवळत जातात. घरच्यांना वाटतं, चला, गाडी रुळावर आली. त्यामुळे शाळेचं पूर्ण वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात लावू नका. मधल्या सुट्टीतला खाऊ कोणाच्या नजरेसमोर होणार हे शाळेशी ठरल्यावर अर्धा दिवस, मग पूर्ण. खेळाचा तास डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही.

प्रश्न : माझी १७ वर्षांची मुलगी दोन महिन्यांपूर्वी उपचार घेऊन आली. तिला ही मालिका दाखवू का? आणि जेवताना आमच्या घरी रोज युद्ध होतं, त्याचं काय? – एक आई, पुणे

पहिल्याचं उत्तर : इतक्यात नको. नेहमीची जेवणं वाद न होता पार पडायला लागली आणि उपचार करणाऱ्यांनी होकार दिला की मग. तेव्हाही शेजारी बसून, दिवसा, एका वेळी एकच भाग, जेवणाच्या वेळेपासून दूर. भाग संपल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारू नका, ‘छान’ एवढंच उत्तर मिळेल. ‘मियाच्या आईने तिथे काय करायला हवं होतं?’ असं विचारा. दुसऱ्याबद्दल बोलताना मुलं स्वतःबद्दल बरंच सांगून जातात. खरी परीक्षा पुढच्या दोन दिवसांतल्या जेवणांची. ताटात कमी पडू लागलं, ती नटीच्या शरीराशी तुलना करू लागली किंवा एखादा प्रसंग थांबवून थांबवून बघू लागली, तर मालिका बंद. आणि अशा विषयाचं काही बघितलं की फोनवर डाएटचे व्हिडिओ आपोआप येऊ लागतात. ते तिच्यासोबत बसून ‘यात रस नाही’ करत काढून टाका.

आता युद्ध. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत सर्वांत जास्त वापरली जाणारी घरगुती पद्धत १९८० च्या दशकात लंडनच्याच मॉडस्ली रुग्णालयात तयार झाली. तिचं सूत्र असं की काही काळ जेवणाचा ताबा पूर्णपणे आईवडिलांकडे, मग हळूहळू मुलीकडे परत, आणि शेवटी वयात येण्याचे नेहमीचे प्रश्न. साधारण वर्षभरात १८ ते २० बैठका होतात. यातून घरी उतरवायचं ते हे :

काय खायचं ते आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेलं, ताट तुम्ही वाढलेलं. तीन जेवणं आणि मधले दोन-तीन खाऊ, ठरल्या वेळी. स्वयंपाक चालू असताना तिने ओट्यापाशी उभं राहायचं नाही, कारण खरा सौदा तिथे सुरू होतो : तेल कमी, भात अर्धा, तूप नको. जेवणाला अर्धा तास, खाऊला पंधरा मिनिटं. निदान एक मोठं माणूस सोबत तेच जेवत असावं. समोर बसून नुसतं बघणारी आई म्हणजे पहारेकरी. जेवताना गप्पा शब्दकोड्याच्या, मांजराच्या, शेजारच्या लग्नाच्या. अन्न, वजन, दिसणं यांवर एक अक्षर नाही.

ती अडली तर छोटं वाक्य, तेच, शांतपणे : ‘अवघड आहे, माहितीय. पुढचा घास घे, मी इथेच आहे.’ ‘तुझ्यासाठी किती केलं’, ‘बाबांचं बीपी वाढलं’ ही वाक्यं कपाटात ठेवा. त्यांनी अपराधीपणा वाढतो, आणि हा विकार अपराधीपणावरच पोसला जातो. अर्धा तास संपूनही उरलं तर तास-दीड तास ताणू नका. आहारतज्ज्ञांशी आधी ठरवलेलं पेय बदली द्या, ताट उचला, पुढचं जेवण वेळेवर. राहिलेलं पुढच्या ताटात चढवायचं नाही.

जेवणानंतर एक तास सोबत. पत्ते, कॅरम, काहीही. ‘पोट फुगलंय’ ही तक्रार नाटक नसते. उपाशी राहिलेल्या शरीरात पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. नियमित खाण्यानेच ते आठवड्याआठवड्याने सुधारतं, एक जेवण गाळल्याने नाही. आणि घरातला वजनकाटा आजच शेजाऱ्यांकडे द्या. वजन फक्त दवाखान्यात, त्याच काट्यावर. आकडा तिने बघायचा की नाही हे तिथे ठरेल.

प्रश्न : मुलगी म्हणते, नवरात्रात उपास करणारच. धार्मिक गोष्टीला नाही कसं म्हणू? – सातारा

बहुतेक घरांत उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी आणि नेहमीपेक्षा दोन घास जास्तच. पण या विकाराला उपासात वेगळंच दिसतं : कोणीही प्रश्न न विचारता ‘नको’ म्हणायची सोय. म्हणून यंदा नाही. हे आईने सांगण्यापेक्षा आजीने सांगावं. ‘आजाऱ्याला उपास नसतो’ हे वाक्य तिच्या तोंडून आलं की त्यावर अपील नाही. घरात इतर कोणी करत असेल तर त्याची चर्चा ताटावर नको.

पाहुण्यांनाही आधीच फोन करा. ‘अंगाने सुधारलीस’ हे कौतुक तिला ‘जाडी झालीस’ असंच ऐकू जातं. ‘तुला बघून बरं वाटलं’ एवढं पुरे.

प्रश्न : माझी भाची चांगली अंगापिंडाने भरलेली आहे, पण चोरून खूप खाते आणि नंतर रडते. हा विकार बारीक मुलींचाच ना? – कोल्हापूर

मुळीच नाही. वजनावरून विकार ओळखता येत नाही, आणि म्हणूनच अशी मुलं वर्षानुवर्षं नजरेतून सुटतात. यासाठी दुसरी ब्रिटिश मालिका बघा : ‘माय मॅड फॅट डायरी’, ई-फोर वाहिनीवर २०१३ ते २०१५. १९९६ सालचं लिंकनशायरमधलं स्टॅमफर्ड गाव, आणि चार महिन्यांनी मनोरुग्णालयातून बाहेर पडलेली सोळा वर्षांची रे. तिचं काम शॅरन रूनी यांनी केलंय. ती खाते, लपवते आणि विनोद करते. यातही स्वतःला इजा करण्याचे प्रसंग आहेत, तेव्हा आधी तुम्हीच बघा. भाचीला डाएट मात्र सुचवू नका. दिवसभर कमी खाल्लं की रात्री भूक उसळते, मग शरम, मग पुन्हा कमी. हे चक्र जेवणं नियमित झाल्यानेच तुटतं. सोबत मानसोपचारतज्ज्ञ हवेत. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : बहीण आजारी पडल्यापासून घरात माझ्याकडे कोणी बघतच नाही. – इयत्ता नववी, मुंबई

मियाचा भाऊ ॲलेक्स याच जागी आहे. हे पान आईबाबांच्या हातात दे. त्यांच्यासाठी : आठवड्यातला एक ठरलेला तास फक्त याचा, त्यात बहिणीचा विषय नाही. तिने खाल्लं की नाही हे बघायचं कामही त्याच्यावर टाकू नका.

प्रश्न : रात्री-अपरात्री डॉक्टरांकडे कधी धावायचं? – अमरावती

चक्कर येऊन पडली, छातीत धडधड किंवा दुखणं, उलटीत रक्त, बोलण्यात गोंधळ, जागेपणी नाडी मिनिटाला ४० च्या खाली : लगेच, वजन कितीही असो. नाडी ४० ते ५० असली तरी त्याच दिवशी फोन करा. आणखी एक गोष्ट फार घरांत चुकते. बरेच दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या मुलीला प्रेमापोटी एकदम भरपूर खाऊ घालू नका. अशा वेळी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयावर येऊ शकतं. आधी रक्ततपासणी, आणि किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे.