सगळा बंबाखू सारखाच दिसतो, मग वेगळा कसा?
ग्वाल्हेरकडच्या मोहरीत बंबाखू, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणारं परजीवी तण, सगळीकडे एकसारखाच दिसतो, मग जनुकीय फरक कुठला, असं तुम्ही विचारलंय. दिसण्यावर जाऊ नका. निळसर-जांभळी फुलं, हिरवं पान एकही नाही, हे सगळीकडे तेच. पण बी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक, एका झाडाला हजारोंनी, आणि मातीत १० वर्षांहून जास्त तग धरणारं. म्हणजे यंदा उगवलेल्या तुऱ्यांत जुन्या-नव्या पिढ्या मिसळलेल्या असतात. त्यात कीटकांमुळे थोडंफार परपरागणही होतं. युरोपात सूर्यफुलावरच्या बंबाखूने तर प्रतिकारक वाणांनाही न जुमानणारे नवनवे वंश, म्हणजे त्याच तणाचे वेगळे गट, दिलेत; त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली आहेत. त्यामुळे शेजारच्या गावात टिकलेल्या वाणावर डोळे झाकून विसंबू नका. तुरे बी धरण्याआधी उपटा आणि बांधावर न टाकता जाळा.