एका नदीचे एक वर्ष

पुणे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याने (फ्लायने) मासे धरणे, तुला शिकायचे आहे. त्यासाठी फ्लाय रॉड, म्हणजे गळाची काठी, कोणता घ्यावा आणि पुण्याच्या आसपास खडशी, म्हणजे महसीर मासा, कोठे लागेल, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. चार वेटचा (वेट म्हणजे रॉडच्या दोरीच्या वजनाचा क्रमांक; आकडा लहान तितका रॉड हलका), नऊ फुटी, मध्यम किमतीचा रॉड घे आणि उरलेले पैसे एसटीच्या भाड्यासाठी ठेव. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम लांबणीवर टाकतो आहे, कारण मोठ्या माशाच्या मागे लागलेल्या नवशिक्याचे नदीकडे लक्षच राहत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. तू एकच नदी निवड, तिच्यातला चालत जाता येईल एवढा पट्टा निवड आणि वर्षभर, सगळ्या ऋतूंत, तिथेच जात राहा.

शहरातली नदी मात्र निवडू नकोस. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले निसर्ग-अभ्यासक कर्नल साईक्स यांनी 1839 मध्ये खडशीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडणाऱ्या माशांवरून. ज्या पाण्याने या माशाची जगाला ओळख करून दिली, त्या पाण्याची आज सांडपाण्याने जी गत झाली आहे, ती बंडगार्डनच्या पुलावर उभे राहून एकदा डोळ्यांनी पाहून ये. मला त्याचे फार वाईट वाटते आणि तुलाही वाटावे अशी माझी इच्छा आहे. गळ टाकायचा तो धरणांच्या वर किंवा घाटाच्या पायथ्याशी: वेल्ह्याकडची गुंजवणी किंवा कानंदी, भोरकडची नीरा, मुळशी आणि मावळातले लहान प्रवाह. जाशील तिथे आधी गावात विचार. धरणांच्या जलाशयांतील मासेमारीचे ठेके बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांच्या परवानगीवाचून तिथे रॉड उघडणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरणे होय.

सुरुवात करायला दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. हस्ताचा पाऊस ओसरलेला असतो, गढूळ पाणी निवळून तळचे गोटे दिसू लागतात आणि खळाळ अजून जोरात असतो. पहिल्या दिवशी रॉड पिशवीतच राहू दे. घोटाभर पाण्यातला एखादा चपटा दगड अलगद उचलून उलटा कर. खालच्या बाजूला दगडाला चिकटून सरकणारे, शेपटीला बारीक केसांसारखे धागे असलेले चपटे किडे दिसतील. त्यांच्याच शेजारी वाळूचे कण एकमेकांना चिकटवून बांधलेली लहानशी नळी असेल आणि तिच्यातून एक काळे डोके बाहेर डोकावत असेल. मासे वर्षभर जे खातात, त्यातला मोठा भाग हाच आहे. किड्यांचा रंग आणि आकार नीट पाहून घे, दगड होता तसा जागेवर ठेव आणि मग त्यांच्याशी जुळणारी निम्फ (पाण्याखालच्या किड्यासारखी फ्लाय), सोळा किंवा अठरा नंबरच्या बारीक गळावर बांधलेली, डबीतून काढ. दुकानातली सर्वांत देखणी फ्लाय या कामी बहुधा निरुपयोगी ठरते.

या दिवसांत तुझा खरा शिक्षक झोऱ्या असेल. अंगावर निळसर उभे पट्टे असलेला हा वीतभर लांबीचा मासा खळाळाच्या कडेला तोंड वर करून उभा असतो आणि वरून येणारा किडा क्षणात टिपतो. मोठ्या माशाला भुललेले लोक त्याला हिणवतात, ते मला मुळीच पटत नाही. लाईन, म्हणजे रॉडची दोरी, मधल्या वेगवान धारेत सापडली की पुढची फ्लाय ओढली जाते, तिच्यामागे पाण्यावर एक बारीक रेघ उमटते आणि अशी रेघ ओढत जाणाऱ्या फ्लायकडे झोऱ्या ढुंकूनही पाहत नाही. म्हणून लाईन पाण्यावर पडताक्षणी रॉडच्या शेंड्याने तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा, म्हणजे फ्लायला मोकळेपणाने वाहायला अवधी मिळतो. एवढी एक गोष्ट अंगवळणी पडली की पुढचे बरेचसे आपोआप येते. आपल्या काठांवर शेरणीची झुडपे आणि वाळुंज दाटीने वाढतात, मागे रॉड फिरवायला जागा उरत नाही. तेव्हा रोल कास्ट, म्हणजे लाईन मागे न उडवता पुढे फेकण्याची रीत, घरासमोरच्या मैदानात आधीच घोटून घे.

पौष-माघात पहाटे उठून जाण्याची घाई करू नकोस. गारठलेल्या पाण्यात मासा सुस्त असतो. ऊन पाण्यावर चांगले पसरले की तो हलू लागतो.

उन्हाळ्यात नदी डोहांपुरती उरते. नीरेसारख्या नदीत मात्र धरणातून आवर्तन सुटले की ऐन एप्रिलमध्येही धार वाढते, म्हणून जाण्याआधी पाणी सोडले आहे का याची चौकशी करावी. या दिवसांत काठावरचे उंबर शोध. पिकलेले फळ टपकन पाण्यात पडते आणि खालच्या सावलीतून एखादी खडशी वर येऊन ते गिळते. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे असे, स्वतः पाहूनच मिळायचे आहे. पण मे महिन्याच्या दुपारी तिच्यावर गळ टाकू नकोस. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून दमलेला मासा सोडून दिला तरी अनेकदा वाचत नाही. एरवीही गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाक, माशाला ओल्या हातानेच धर, पाण्याबाहेर काढू नकोस आणि प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः निसटेपर्यंत आधार दे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकापासून खडशीची पिल्ले वाढवून ती ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली. त्या कष्टांचे मोल आपण हौशी लोकांनी तरी राखले पाहिजे.

मृगाच्या सरी सुरू झाल्या की संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळव्या दिव्यांभोवती जमतात, पाण्यावरही पडतात आणि मासे त्यांच्यावर तुटून पडतात. मोह होईल, तरी मी तुला रॉड बासनात बांधायलाच सांगेन. पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून आणि थेट भातखाचरांतही चढतात. गावकरी वलगणीचे मासे धरतात, ती त्यांची जुनी रीत आहे आणि त्यांच्या ताटाचा प्रश्न आहे. त्यांना उपदेश करण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. आपण केवळ आनंदासाठी जातो, म्हणून अंड्यांनी जड झालेल्या माशाला आपण हात लावता कामा नये. शिवाय जिवाचाही प्रश्न आहे. तू उभा असशील तिथे लख्ख ऊन असले तरी घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असू शकतो. पाण्यावर पालापाचोळा आणि काटक्या अचानक वाढल्या, रंग तांबूस झाला किंवा खळाळाचा आवाज जड वाटला, तर लाईन गुंडाळत न बसता, गरज पडल्यास रॉड टाकून, जवळच्या काठावर ये.

पावसाळ्याचे हे महिने फ्लाय बांधायला आणि टिपणे वाचायला वापर. प्रत्येक वेळी पाण्याचे तापमान, पाण्याचा रंग, दगडाखाली दिसलेले किडे आणि मासा नेमका कोठे उभा होता, एवढे लिहीत जा. पुढच्या कार्तिकात वही घेऊन माझ्याकडे ये. मग खडशीसाठी आठ वेटचा रॉड घ्यायचा की नाही, ते आपण ती वही पाहून ठरवू.

कळावे, लोभ असावा.

तुझा शुभचिंतक